चॅप्टर पंच्याण्णव

खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०१८च्या अर्थसंकल्पात १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२०मध्ये, ते एकदम ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७०. या सगळ्या काळात टॅरिफच्या त्याच चॅप्टरमधल्या ९५०५चा, म्हणजे सणासमारंभाच्या आणि पार्टीच्या वस्तूंचा दर २० टक्क्यांवरच राहिला. स्टेशनरी, कीचेन, शोभेच्या प्लॅस्टिकच्या वस्तू यांतल्या बऱ्याच वस्तूंचे दर तर त्याच्याही खाली होते. न्हावा शेवा बंदरातून माल सोडवणाऱ्या आमच्यासारख्या कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात त्यानंतर जे सुरू झालं, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

सुरू काय झालं, तर मालाची नावं बदलली. पूर्वी इन्व्हॉइसवर ‘प्लॅस्टिक टॉय’ असं सरळ लिहून येणारे खोके ‘गिफ्ट आयटम’, ‘पार्टी आयटम’, ‘शोपीस’, ‘स्कूल स्टेशनरी’ या नावांनी येऊ लागले. माल तोच, यीवू किंवा शांतौहून निघालेला. मागवणारेही तेच, अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासचे घाऊक व्यापारी. तेव्हाचा हिशेब सोपा होता. १० लाखांच्या मालावर ६० टक्के म्हणजे ६ लाख, २० टक्के म्हणजे २ लाख. नुसत्या मूळ शुल्कात ४ लाखांचा फरक, त्यावरचा आयजीएसटी वेगळा. नफ्याचं गणित पैशांत करणाऱ्या धंद्यात एवढी रक्कम समोर दिसली की माणूस वस्तूकडे बघायचं सोडून देतो आणि फक्त नंबराकडे बघतो. मला ते कळतं. पण माझं काम वस्तूकडे बघण्याचं आहे.

माझ्याकडे जी-कार्ड आहे. कस्टम्सची परीक्षा पास झालेल्या, ब्रोकरच्या वतीने कागदपत्रांवर सही करू शकणाऱ्या कर्मचाऱ्याला ते मिळतं. २०११पासून आपल्याकडे स्वयं-मूल्यांकन आहे. आपला माल कोणत्या हेडिंगमध्ये बसतो, त्यावर किती ड्यूटी लागते, हे बिल ऑफ एंट्री भरणाऱ्यानेच आधी सांगायचं असतं. अधिकारी नंतर तपासतो. आणि २०२०च्या ऑक्टोबरअखेरपासून देशभर फेसलेस असेसमेंट लागू झाल्यावर तर न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचं बिल दुसऱ्याच कुठल्या तरी बंदरातल्या अधिकाऱ्यासमोर उघडतं. त्याच्या हातात खेळणं नसतं. त्याच्यासमोर असतात आम्ही लिहिलेलं वर्णन आणि आम्ही अपलोड केलेले कागद. म्हणून वर्णनातला एकेक शब्द मी जपून लिहिते. पूर्वी अप्रेझरसाहेबांच्या टेबलावर नमुना ठेवला की अर्धी चर्चा तिथेच मिटायची. आता तो नमुना मला शब्दांत उभा करावा लागतो: उंची किती, आत काय भरलंय, बटण दाबलं की काय होतं, पाकिटावर वय काय छापलंय.

ऑफिसात कुणी नवीन आलं की मी आधी टॅरिफ वाचायला देत नाही. माझ्या टेबलाचा खालचा खण उघडते आणि त्यातल्या वस्तू त्याच्या हातात देते. त्या खणात एक बर्गर आहे. पेरूएवढाही नाही. वरचा पाव, हिरवं पान, पिवळा चौकोन, तपकिरी टिक्की, खालचा पाव, असे त्याचे सुटे तुकडे होतात आणि पुन्हा जुळतात. इन्व्हॉइसवर तो ‘इरेझर’ होता. इरेझर व्हल्कनाइज्ड रबराचा असेल तर ४०१६, प्लॅस्टिकचा असेल तर ३९२६मधलं शालेय साहित्य. म्हणजे खेळण्यांच्या चॅप्टरपासून कितीतरी लांब. मी पेन्सिलने कागदावर रेघ मारली आणि टिक्कीने खोडून बघितली. रेघ पुसली गेली नाही. काळपट फासली गेली, आणि कागदाला चिकट डाग पडला. मग पाचही तुकड्यांनी करून बघितलं. एकानेही खोडलं नाही.

जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या ज्या स्पष्टीकरणात्मक टिपा आम्ही रोज चाळतो, त्यांत ९५०३खाली, म्हणजे खेळण्यांच्या हेडिंगखाली, एक फार उपयोगाची गोष्ट लिहिलेली आहे. खेळण्यातली इस्त्री, शिवणयंत्र किंवा वाद्य यांचा थोडाफार खराखुरा वापरही होऊ शकतो. पण आकार आणि मर्यादित क्षमता यांवरून ती खऱ्या यंत्रापासून वेगळी ओळखू येतात. हेच उलट बाजूने लावलं की बर्गरचं उत्तर मिळतं. जो इरेझर खोडत नाही आणि ज्याचे तुकडे सुटे करून जोडण्यातच सगळी मजा आहे, तो इरेझर म्हणून कसा भरायचा? मी ९५०३ लिहिलं.

माल मागवणारे गृहस्थ चांगले होते, बरीच वर्षं आमच्याकडेच बिलं भरत होते. ते म्हणाले, “मॅडम, शाळेच्या दुकानात विकतो मी हा. पेन्सिलबॉक्सशेजारी ठेवतो.” मी त्यांना तो पिवळा चौकोन दाखवला. खेळण्यांच्या यांत्रिक सुरक्षेची जी चाचणी आयएस ९८७३च्या पहिल्या भागात आहे, तिच्यात ३१.७ मिलिमीटर आतल्या व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. तळ तिरका असतो. साधारण लहान मुलाच्या घशाचं ते माप. खेळण्याचा किंवा त्याच्या सुट्या भागाचा एखादा तुकडा कशाही स्थितीत, न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते खेळणं विकता येत नाही; मोठ्यांसाठी विकायचं तर पाकिटावर तसा इशारा लागतो. पिवळा चौकोन त्या नळकांड्यात आरामात बसला असता. इरेझर म्हणून आला तर त्याची चाचणीही नाही आणि पाकिटावर इशाराही नाही. शाळेच्या दुकानातून तो घरी जाणार, आणि घरात धाकटं भावंड असणारच.

मला सांगायचंय ते हेच. लोकांना वाटतं टॅरिफचा नंबर म्हणजे सरकारच्या तिजोरीचा प्रश्न. २०२१पर्यंत तो मुख्यत: तसाच होता. खेळण्यांच्या सुरक्षेबद्दल सरकारने त्याआधी अधूनमधून पावलं उचलली होती: जानेवारी २००९मध्ये चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी आली आणि मार्चमध्ये चाचणीच्या प्रमाणपत्रांवर ती शिथिल झाली, डिसेंबर २०१९मध्ये बंदरावरच नमुने घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायची अट आली. त्याच वर्षी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातली आयात खेळणी तपासली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नापास झाली होती. मग फेब्रुवारी २०२०मध्ये टॉइज क्वालिटी कंट्रोल ऑर्डर निघाली आणि १ जानेवारी २०२१पासून ती लागू झाली. तेव्हापासून परदेशी कारखान्याकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना आणि खेळण्यावर आयएसआय चिन्ह नसेल, तर माल देशात येऊ शकत नाही. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना त्याशिवाय आयएस १५६४४.

म्हणजे आता ९५०३ हा आकडा लिहिला की त्या वस्तूच्या मागे एक प्रयोगशाळा उभी राहते. तिथे रंग खरवडून त्यातलं शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम मोजतात. शिशाची मर्यादा किलोला ९० मिलिग्रॅम. मऊ प्लॅस्टिकमधले थॅलेट तपासतात. अस्वलाचा डोळा ठरलेल्या जोराने ओढून बघतात. आणि दुसरा आकडा लिहिला, की यातलं काहीच होत नाही. आदेशात व्याख्या आहे, १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू, मग ती केवळ त्यासाठीच बनवलेली असो वा नसो. पण संगणकाला व्याख्या वाचता येत नाही. त्याला आठ आकडे कळतात, आणि कोणतं बिल परवान्यासाठी अडवायचं हे तो त्या आकड्यांवरून ठरवतो.

या आठ आकड्यांतले पहिले सहा जगभर सारखे असतात. ब्रुसेल्सच्या त्याच जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही सुसंवादी पद्धत १९८८पासून चालू आहे. शेवटचे दोन आकडे भारताचे स्वत:चे. पहिला नियम असा की हेडिंगची भाषा आणि चॅप्टरच्या टिपा यांवरून ठरवायचं. दुकानदार काय म्हणतो, कॅटलॉगमध्ये काय छापलंय, हे नंतर. या टिपांनी बरीच भांडणं आधीच मिटवून ठेवलेली आहेत. मुलांची तीनचाकी ९५०३मध्ये, पण दोनचाकी सायकल कितीही छोटी असली तरी ८७१२मध्ये. कुत्र्यासाठीचं रबरी हाड खेळणं नव्हे. खेळण्यातला उडणारा ड्रोन २०२२पासून विमानांच्या चॅप्टरमधून स्पष्ट शब्दांत बाहेर काढला आहे. मळून आकार द्यायची रंगीत माती मुलांसाठी पाकिटात भरलेली असली तरी ३४०७मध्येच जाते, कारण हेडिंगमध्येच तसं लिहिलंय. इथे एक सांगते: टॅरिफने एखाद्या वस्तूला खेळण्यांबाहेर ठेवलं म्हणून सुरक्षेच्या आदेशाने तिला सोडलं, असं धरून चालू नये. मुलाच्या नखात जाणारी, तोंडात जाणारी माती ही. नंबर ३४०७ असला तरी तिच्या घटकांचा कागद मी मागवतेच.

जिथे टिपा थांबतात तिथे कोर्टाला यावं लागलं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर स्क्रॅबलचं प्रकरण आलं होतं. उत्पादन शुल्काचं होतं, पण हेडिंगं तीच. स्क्रॅबल हे कोडं म्हणून ९५०३मध्ये जातं, की पटावरचा खेळ म्हणून ९५०४मध्ये? २००९मध्ये न्यायालयाने ते ९५०४मध्ये टाकलं. कोड्याला ठरलेलं उत्तर असतं आणि खेळणारा ते शोधत जातो. स्क्रॅबलमध्ये प्रत्येक डाव वेगळा होतो, असा तो फरक. मला हा निकाल फार आवडतो. त्यात न्यायालयाने डबीकडे न बघता डावाकडे बघितलं आहे. अमेरिकेत २००३मध्ये याहून विलक्षण प्रश्न सुटला: एक्स-मेनच्या बाहुल्या माणसांच्या की माणसांच्या नव्हेत? माणसाची आकृती असेल तर ‘बाहुली’, दर १२ टक्के. नसेल तर ‘इतर खेळणं’, ६.८ टक्के. कोर्टाने ती पात्रं माणसं नव्हेत असं ठरवलं. २००७च्या आवृत्तीत बाहुल्यांचं वेगळं हेडिंगच ९५०३मध्ये विरघळलं, त्यामुळे तो वाद आता उरला नाही. आपल्याकडेही तोवर बाहुल्यांचं हेडिंग वेगळंच होतं.

पण माझ्या टेबलावरचे वाद कोर्टापर्यंत जात नाहीत. ते कंटेनर उभा असताना, डिमरेजचं मीटर चालू असताना सोडवावे लागतात.

खणात एक अस्वलही आहे. वीतभर उंचीचं, पॉलिएस्टर भरलेलं, डोक्यावर एक बारीक प्लॅस्टिकची कडी. इन्व्हॉइसवर ‘कीचेन’.

“कडी आहे ना त्याला, मॅडम? मग कीचेनच झालं.”

“कडी कापली तर काय उरेल, शेठ?”

“अस्वल.”

“आणि अस्वल कापलं तर?”

त्यांनी कडी दोन बोटांत धरून बघितली. घराची एक चावी अडकवली असती तर तुटली असती. मग म्हणाले, “बाकीचे सगळे असंच भरतात.” हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. मी त्यांना सांगितलं की कस्टम ब्रोकरच्या नियमावलीत आम्हाला पक्षकाराला कायदा पाळायचा सल्ला देणं बंधनकारक आहे, आणि त्याने तो मानला नाही तर उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांच्या कानावर घालणंही. पुढे तपासणीत निघालं तर चुकीच्या घोषणेखाली माल जप्त, वर दंड. त्यांनी कागद गोळा केले आणि ते गेले. पुढचं बिल आमच्याकडे आलं नाही. पार्टी गेली याचं मला वाईट वाटलं, कारण त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचा संबंध होता.

मी सगळ्याच मालाला खेळणं म्हणते, असं कुणाला वाटू नये. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मालासाठी मी उलट बाजूने भांडत होते. वाढदिवसाच्या सामानाचा खोका होता: कागदी टोप्या, झिरमिळ्या आणि फुंकली की सर्रकन लांब होणारी कागदी पिपाणी. अधिकाऱ्याची क्वेरी आली की पिपाणी हे खेळणं आहे, ९५०३ लावा, आयएसआय परवाना दाखवा. मी ९५०५च्या टिपा काढल्या. त्यांत कार्निव्हलच्या तुताऱ्या आणि या फुंकायच्या पिपाण्या नाव घेऊन दिलेल्या आहेत. उत्तर लिहिलं, परिच्छेद जोडला, आणि माल २० टक्क्यांनी सुटला. ज्याला जे लागू आहे ते त्याला मिळालंच पाहिजे, व्यापाऱ्यालाही. नाहीतर मग सरळ भरणाऱ्याने सरळ का भरावं?

त्या हेडिंगच्या टिपांत गंमतीच्या वस्तूंची यादी आहे, आणि तिथे आमच्या कामातली सगळ्यात बारीक सीमा दिसते. कोटाच्या बटणात खोचायचं, वास घ्यायला जवळ गेलं की पाण्याची चिळकांडी मारणारं फूल ९५०५मध्ये जातं, जादूच्या प्रयोगांच्या आणि फजितीच्या वस्तूंत. पाण्याची पिस्तूल ९५०३मध्ये. दोन्हींत काहीतरी दाबायचं, दोन्हींत नळी, दोन्हींतून पाणी. फरक हेतूचा आहे. फूल समोरच्याला एकदा फसवण्यासाठी बनवलेलं आहे. पिस्तूल पोराने दिवसभर खेळावं म्हणून.

म्हणूनच होळीच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत पिचकाऱ्यांचे कंटेनर लागतात तेव्हा मला झोप कमी लागते. व्यापाऱ्याचं म्हणणं, ही सणाची वस्तू, होळी नसेल तर कोण घेतं? युक्तिवाद वरवर बरा दिसतो. पण ९५०५मधली सणाची वस्तू म्हणजे सजावट, माळा, कंदील, कमी टिकाऊ सामानाची, त्या दिवसापुरती. बंदुकीच्या आकाराची, पाठीवर टाकी असलेली, टाकीवर कार्टूनचं चित्र असलेली प्लॅस्टिकची पिचकारी होळीनंतर फेकली जात नाही. मे महिन्यात गच्चीवर, बादलीपाशी, पोरं तीच घेऊन बसलेली असतात. माझ्या मते ती ९५०३, आणि चिन्हाशिवाय नको. रंगाच्या पाण्यात भिजलेले हात तोंडाला लागतात, ती पिचकारी पुन्हा पुन्हा दातांनी उघडली जाते. एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उघडायच्या गोदामात, तपासणीसाठी खोके उघडले तेव्हा त्या प्लॅस्टिकचा वास शेड ओलांडून बाहेर येत होता. खोके फोडणारा माथाडी मला म्हणाला, “ताई, हे पोरांना देत्यात?” तो कंटेनर परवान्याअभावी परत पाठवावा लागला. परतीचं भाडं, डिटेन्शन, सगळं मागवणाऱ्याच्या अंगावर. माल बोटीत चढायच्या आधी एक फोन केला असता तर त्यातलं काहीच झालं नसतं.

सरकारी आकड्यांप्रमाणे ९५०३खालची आयात २०१८–१९मध्ये सुमारे ३० कोटी ४० लाख डॉलरची होती, ती २०२१–२२मध्ये ३ कोटी ६० लाखांवर आली. देशी कारखान्यांना त्याने बळ मिळालं, हस्तकलेच्या आणि भौगोलिक मानांकनाच्या खेळण्यांना आदेशातून सूटही आहे. हे चांगलं झालं. पण त्या उतरलेल्या आकड्यातली काही खेळणी दुसऱ्या नंबरांखाली आलेली मी स्वत: बघितली आहेत, आणि ती कुणीही तपासलेली नाहीत. म्हणून तो आकडा ऐकला की मला आधी तो बर्गर आठवतो.

वाटा आहेत. मुंबईत २०२१पासून कस्टम्सचं अग्रिम निर्णय प्राधिकरण बसतं. माल मागवायच्या आधी अर्ज करायचा, वस्तू समजावून सांगायची. कायद्याने तीन महिन्यांत उत्तर मिळतं आणि ते खात्यावरही बंधनकारक असतं. खेळण्यांच्या धंद्यातले लोक हा रस्ता फार कमी धरतात, कारण त्यांचा सीझन तीन महिने थांबत नाही. तरी मी प्रत्येकाला तो सांगते. आत्ता एका तरुण व्यापाऱ्याने ऐकलंय. त्याला बोलणारी फ्लॅशकार्डं आणायची आहेत: छोट्या यंत्राच्या फटीत चित्राचं कार्ड सरकवलं की यंत्र त्या चित्राचं नाव मोठ्याने उच्चारतं. तो म्हणतो हे शिकवण्याचं साधन. असेलही. आवाज वाजवणारं यंत्र म्हणून चॅप्टर ८५, छापील कार्डं म्हणून ४९, की सगळा संच मिळून खेळणं? संचाला मूळ रूप कशाने येतं हे बघावं लागेल, आणि आतली बॅटरी मुलाला उघडता येते का, हेही. त्याने दोन नग आणून दिलेत. एक मी स्क्रू काढून उघडला आहे, दुसरा पाकिटासकट अर्जाला जोडणार आहे. पाकिटाच्या कोपऱ्यात ‘३+’ छापलंय. त्याभोवती पेनने गोल केला आहे. अर्जाचा मसुदा त्याला वाचायला पाठवलाय, आणि निर्णय येईपर्यंत ऑर्डरचे पैसे भरू नकोस असं बजावलंय.